जादू, इतिहास आणि पहिली पन्नास पानं

गोव्यातल्या फोंड्याला आमच्या घराच्या सोप्यावर दर दुसऱ्या रविवारी सात-आठ मुलं पुस्तकं घेऊन बसतात. आठवीपासून बारावीपर्यंतची. कोणी मराठी शाळेतलं, कोणी इंग्रजी, घरी सगळ्यांची कोंकणी. हल्ली त्यांच्या पिशव्यांतून एका जातीची पुस्तकं वारंवार निघतात. काळ खरा, शहर खरं, राजा आणि लढाईही इतिहासाच्या पुस्तकात सापडणारी. पण नायिकेला नदीचं बोलणं कळतं, नाहीतर किल्ल्याच्या तळघरात अमावास्येलाच उघडणारं एक दार असतं. किशोरांसाठीची ऐतिहासिक अद्भुत कादंबरी. मुलं उत्साहाने घेतात आणि बरीच जणं पन्नासाव्या पानाच्या आसपास थांबतात. मोठी माणसंही थांबतात. कारण विचारलं की एकच प्रश्न परत येतो: "टीचर, हें खरेंच घडलां?" दर पानाला हा प्रश्न पडायला लागला की गोष्ट पुढे सरकतच नाही.

या प्रकारात नव्याने शिरणाऱ्यासाठी हा लेख आहे, मग वाचणारा चौदा वर्षांचा असो की चाळीस. आम्ही जे करून पाहिलं आणि ज्याचा उपयोग झाला, तेवढंच सांगते.

पुस्तक निवडताना

पहिलं पुस्तक एका भागात संपणारं घ्या. या प्रकारात तीन-तीन, पाच-पाच भागांच्या मालिका फार, आणि मुखपृष्ठावर "भाग दुसरा" हे अगदी बारीक अक्षरात छापलेलं असतं. मालिकाच घ्यायची असेल तर पहिला भाग हातात आहे याची खात्री करा.

दुसरं, काळ बघून घ्या. ज्या काळाबद्दल तुम्हाला आधीपासून थोडीतरी ओढ आहे, तो निवडा. व्हेनिस असो, रशिया असो, विजयनगर असो. ओढ असली की अनोळखी नावं जड वाटत नाहीत.

विकत घेण्याआधी ग्रंथालयात बघा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मूळ संस्था १८३२ सालची, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. उभ्या उभ्या मधलंच एक पान उघडून वाचा. पहिलं पान लेखकाने दहा वेळा घासलेलं असतं. मधल्या पानावर भाषा कशी चालते ते खरं कळतं. इंग्रजी पुस्तक असेल आणि त्या पानावर चार-पाच शब्दांपेक्षा जास्त अडत असतील, तर ते पुस्तक वर्षभराने घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या भाषेला हा प्रकार परका आहे, असं मात्र समजू नका. १८६१ साली आलेली 'मुक्तामाला' ही मराठीतली अगदी सुरुवातीची कादंबरी अद्भुतरम्यच होती, आणि १८७१ च्या 'मोचनगड'पासून मराठी वाचक ऐतिहासिक कादंबरी वाचतो आहे. तुमच्या पणजोबांच्या पिढीने दिव्याच्या उजेडात जे वाचलं, त्याचंच हे पुढचं पाऊल आहे.

वाचायला बसण्याआधी पंधरा मिनिटं

अशा पुस्तकात बहुतेक वेळा सुरुवातीला नकाशा असतो, मागे लोकांच्या नावांची यादी असते आणि अगदी शेवटी लेखकाचं टिपण असतं: यात खरं काय, कल्पित काय. नकाशा नीट बघा. नद्या कुठून कुठे जातात ते बोटाने फिरवा, कारण या गोष्टींत माणसं सतत प्रवासात असतात. नावांची यादी नुसती चाळा. शेवटचं टिपण मात्र वाचू नका. कोण मरतं आणि कोणतं शहर पडतं, ते त्यात पहिल्या परिच्छेदातच असतं.

एक जाड कागद कापून खूणपट्टी करा. तिच्या एका बाजूला माणसांची नावं लिहायची, नावापुढे एकच ओळख: "जखम असलेला भाऊ", "मीठ विकणारी". दुसऱ्या बाजूला काळाची रेघ ओढायची आणि पुस्तकात साल आलं की त्यावर टिंब द्यायचं. आमच्यातल्या एका नववीतल्या मुलीची अशी पट्टी माझ्याकडे आहे. पंधरा नावं, त्यांतली चार खोडलेली. ज्या दिवशी ती माणसं गोष्टीत मेली त्या दिवशी तिने पेन्सिलीने हलकी रेघ मारली. पाचव्या नावावर रेघ मारून ती परत खोडरबराने पुसलेली दिसते, कारण ते पात्र शंभर पानांनी जिवंत निघालं. कागद तिथे अजून जरा खरखरीत आहे.

परक्या नावांचा उच्चार हा नव्या वाचकाचा मोठा अडसर. तुम्हाला सोपा वाटेल तो उच्चार ठरवा आणि तोच शेवटपर्यंत धरा. चूक ठरला तर नंतर दुरुस्त करता येतो.

पहिली पन्नास पानं

इथे माझा एकच आग्रह आहे: फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

तो हातात असला की तुम्ही प्रत्येक नाव शोधणार. हा सरदार खरंच होता का? ही तलवार अशीच असायची का? पहिल्या पन्नास पानांत लेखक तुम्हाला एका जगात नेऊन बसवत असतो आणि तुम्ही दर दोन मिनिटांनी उठून बाहेर जाता. मग पुस्तक कंटाळवाणं वाटलं तर त्याचा दोष पुस्तकाला देऊ नये. प्रश्न पडतीलच. ते पुस्तक आपलं असेल तर पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह, ग्रंथालयाचं असेल तर कागदाचा कपटा. बस्स. शोध नंतर.

अडलेला शब्दही वाक्याच्या आधाराने पुढे न्या. जुनी मापं तेवढी आधी पाठ असलेली बरी: घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर म्हणजे तीन तास. "दोन घटका रात्र उरली" हे वाचताना पहाट किती जवळ आली आहे ते अंगात उतरलं पाहिजे, आणि त्यासाठी थांबून हिशेब करावा लागू नये.

जादूला तिचे नियम विचारा

चांगल्या अद्भुत कादंबरीत जादू मोकाट नसते. तिला नियम असतात, आणि नियम कळले की गोष्टीची गोडी दुप्पट होते. मुलांना मी तीन प्रश्न देते. ही शक्ती कोणाकडे आहे? ती वापरली की काय द्यावं लागतं? आणि तिची भीती कोणाला वाटते?

हे प्रश्न गोव्यातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. त्यांच्या गावाला राखणदार असतो. माझी आजी तिन्हीसांजेला कुळागराच्या कडेने जाताना आवाज खाली आणायची आणि सांगायची की तो रात्रभर गावाच्या शिवेवरून फिरतो, हातात दांडा असतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. त्याच्या चालून चालून वहाणा झिजतात म्हणून देवस्थानात नव्या वहाणा वाहायच्या. वेतोबालाही वहाणा वाहतात, त्या याच श्रद्धेने. आता हेच तीन प्रश्न लावून बघा. शक्ती कोणाकडे? शिवेवरच्या रक्षकाकडे. मोल काय? वर्षाचा मान, नारळ, वहाणा, आणि दिलेला शब्द पाळणं. भीती कोणाला? शब्द मोडणाऱ्याला. झिजलेली वहाण हा केवढा मोठा तपशील आहे! अदृश्य असलेल्याचं चालणं त्या एका तळव्यावरून दिसतं. कादंबरीकार असाच तपशील शोधत असतो. तो तुमच्या पुस्तकात सापडला की पट्टीवर लिहून ठेवा.

वारुळाच्या रूपातली सातेरी देवी, बायकांच्या धालो नाचाच्या मांडावर अंगात येणारी रंभा, ही सगळी शिदोरी घेऊन आपण वाचायला बसतो. परदेशी कादंबरीतला घरराख्या आत्मा किंवा नदीतली बाई आपल्याला लगेच ओळखीची वाटते ती यामुळे. ही शिदोरी वापरा. त्याच वेळी एक काळजी घ्या: त्यांच्या दैवताला आपलं नाव चिकटवून टाकू नका. साम्य दिसलं की फरकही शोधा. त्यांचा आत्मा चुलीत राहतो, आपला राखणदार शिवेवर. असं का, हा प्रश्न दोन्ही मुलखांबद्दल खूप काही सांगतो.

कागद गप्प असतात तिथे

आता मुख्य गोष्ट. ऐतिहासिक कादंबरीत जादू का घालायची? नुसता इतिहास पुरत नाही का?

मला याचं उत्तर दिवाडीच्या फेरीबोटीत मिळालं. दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान होतं. हा गोव्याच्या कदंब राजघराण्याचा कुलदेव. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडलं आणि देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला, पोर्तुगीज हद्दीच्या बाहेर. १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तिथे शिलालेख आहे, जाऊन वाचता येतो. राजाने काय केलं ते दगडावर कोरलेलं आहे. पण मधल्या त्या रात्रीचं काय? लिंग कोणी उचललं? होडी कोणाची होती? वल्हवणाऱ्याला किती वर्षांची मुलगी होती, आणि बाप परत येईपर्यंत ती काठावर काय करत होती? याचा कागद नाही.

अशा रात्री आपल्या मुलखात किती तरी. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. मी फोंड्यात राहते, म्हणजे या सगळ्या स्थलांतरांच्या मुक्कामी राहते. ज्या कृष्णदास शामाच्या नावाने पणजीचं ग्रंथालय आहे, तो सोळाव्या शतकातला कवी त्याच केळशीचा. देवळं पाडल्याच्या नोंदी राज्यकर्त्यांनी ठेवल्या. देव नेणाऱ्यांनी नोंद ठेवली नाही, आणि ठेवली असती तर जीव गेला असता.

किशोरांची अद्भुत कादंबरी बहुतेकदा नेमकी याच पोकळीत उभी असते. जिचं नाव कुठल्या बखरीत नाही अशी सोळा वर्षांची मुलगी, मोलकरीण, गुलाम, खलाशाचा पोर. त्यांच्या हाती सत्ता नव्हती म्हणून लेखक त्यांच्या हाती जादू देतो. नदी ऐकते, वारा निरोप नेतो, भिंत वाट देते. तुम्ही वाचत असलेल्या पुस्तकात जादू कोणत्या पानावर येते ते बघा आणि स्वतःला विचारा: इथे इतिहासाकडे सांगायला काय नव्हतं? हा एक प्रश्न विचारायची सवय लागली की "हे खरंच घडलं का" हा प्रश्न छळत नाही. घडलेलं आणि नोंदलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा कळलं की वाचणं फार मोकळं होतं.

स्वयंपाकघरातून परीक्षा

अर्धं पुस्तक झालं की इतिहास तपासायला हरकत नाही. लढायांच्या तारखांपासून सुरुवात करू नका. लेखकाने त्या बघितलेल्याच असतात. स्वयंपाकघरात जा.

समजा कादंबरी कदंबांच्या काळातल्या गोव्यात घडते आणि नायिकेची आई पाट्यावर लाल मिरच्या वाटते आहे. थांबा. मिरची अमेरिकेतून आली, पोर्तुगिजांबरोबर, म्हणजे १५१० च्या आधी गोव्याच्या पाट्यावर ती असायचं कारण नाही. काजू तसाच, बटाटा तसाच, अननस तसाच. मग त्या आईच्या हाताशी काय असेल? मिरी, आलं, तिरफळं, भिंडाची (कोकमाची) सोलं, नारळ, तांदूळ, नाचणी, मासळी. हा खेळ आमच्या मुलांना इतका आवडला की एका रविवारी त्यांनी मिरचीशिवायचं हुमण, म्हणजे माशांची आमटी, करून आणलं, नुसती मिरी आणि तिरफळं घालून. रंग फिका होता, घशाशी तिखट मागाहून येत होतं. तेराव्या शतकातली मुलगी काय जेवत असेल, ते त्या दिवशी जिभेला कळलं.

मात्र एका मिरचीसाठी पुस्तक फेकू नका. लेखकाने माणसांची मनं खरी उतरवली असतील तर मिरची माफ करावी. उलट सगळी भांडीकुंडी अचूक आहेत, पण पंधराव्या शतकातली मुलगी आजच्या कॉलेजातल्या मुलीसारखा विचार करते आहे, देवाची, बापाची, गावाची काहीच भीती तिला नाही, तर ती चूक मोठी. बंड करणाऱ्या नायिकेला आधी ती कशाविरुद्ध बंड करते आहे ते पुरतं माहीत असायला हवं.

कठीण पानं

किशोरांसाठी आहे म्हणून पुस्तक कोवळं असेल असं धरू नका. गुलामगिरी, धर्मासाठी छळ, बालविवाह, लढाईनंतरचं गाव, हे सगळं येतं. आपल्या मातीतच १५६० ते १८१२ एवढा काळ, मधली थोडी वर्षं सोडता, इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं. यावर लिहिताना लेखक फार सौम्य राहू शकत नाही, आणि राहूही नये.

वाचणाऱ्याने एखादं प्रकरण बंद करून दोन दिवसांनी उघडलं तर चालतं. दिवसा वाचलं तर बरं. पालकांना सांगणं एवढंच की पुस्तक काढून घेऊ नका. तुम्हीही तेच प्रकरण वाचा आणि जेवताना विषय काढा. आमच्या गटात हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. अशा प्रकरणानंतर आम्ही एक नियम पाळतो: तेव्हाच्या राज्यकर्त्यांबद्दल काहीही बोला, शेजारी बसलेल्याला त्याचा जाब विचारायचा नाही. त्याचे पूर्वजही त्याच गावात तीच भीती सोसत होते.

शेवटचं टिपण, आणि मग बाहेर पडा

गोष्ट संपली की लेखकाचं टिपण वाचा, समासातली प्रश्नचिन्हं परत बघा. आता फोन आणा. ग्रंथालयात जा. बऱ्याचदा असं होतं की जे तुम्ही कल्पित म्हणून सोडून दिलं होतं, तेच खरं निघतं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या जुन्या गोव्यात आहे. सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठाचा मनोरा सगळ्यांनी बघितलेला असतो. आता ही गोष्ट ऐका. जॉर्जिया देशाची केतेवान नावाची राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला कैदेत ठेवलं आणि धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ साली शिराझमध्ये हालहाल करून मारलं. ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी तिचे अवशेष गुपचूप गोव्याला आणले आणि या मठात ठेवले. मठ ओस पडला, छत कोसळलं, शतकं गेली. मग उत्खननात तिथे हाड सापडलं, डीएनए तपासणीने ओळख पटली, आणि २०२१ साली भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी घरी गेली. हेच कादंबरीत वाचलं असतं तर मुलांनी नक्की विचारलं असतं, हे खरंच घडलं का.

तेव्हा पुस्तक पिशवीत घालून तिथे जा. पुस्तक व्हेनिसचं असलं तरी चालेल; ओसाड मठात दुपारी किती शांत असतं, पडक्या भिंतीतून झाड कसं वर येतं, लाल चिऱ्याला पावसानंतर कसला वास येतो, हे अंगावर घेतलं की कुठल्याही शतकातलं पडकं शहर वाचताना डोळ्यांपुढे उभं राहतं. जवळच आदिलशाहाच्या वाड्याच्या दरवाजाची फक्त चौकट उरली आहे. तिच्याखाली उभं राहून नायिकेच्या शहरात शिरण्याचं प्रकरण मोठ्याने वाचा. तांबडी सुर्लेचं महादेवाचं देऊळ, कुशावतीच्या काठावरची पणसायमळची कोरीव चित्रं, ही आणखी दोन ठिकाणं. पणसायमळला जांभ्यावर कोरलेलं एक गोल गोल वळणारं चक्र आहे. मुलं त्याच्या कडेने बसतात आणि कोणीच बराच वेळ बोलत नाही.

दुसऱ्यांदा वाचताना, आणि सोबत वाचताना

आवडलेलं पुस्तक महिन्याभराने परत वाचा. पहिल्या वेळी गोष्टीमागे धावलेलो असतो. दुसऱ्या वेळी पाचव्या पानावर नुसती दिसलेली ती किल्ली, ती म्हातारी, ते गाणं लक्षात येतं, आणि लेखकाने शेवट केव्हापासून पेरून ठेवला होता ते कळतं.

शक्य असेल तर दोघा-तिघांनी एकच पुस्तक घ्या आणि आठवड्याला ठरावीक प्रकरणं वाचा. पुढे गेलेल्याने मागच्याला काही सांगायचं नाही, चेहऱ्यावरूनही नाही. भेटल्यावर सारांश कोणी सांगत बसू नये. प्रत्येकाने एक परिच्छेद निवडून मोठ्याने वाचावा आणि तोच का निवडला ते सांगावं. इंग्रजी पुस्तक असेल तर त्या परिच्छेदातल्या दोन ओळी आपल्या भाषेत करून बघाव्यात. जादूचे शब्द मराठीत आणताना मुलं ज्या धडपडीने आजीकडे, आत्याकडे जुना शब्द विचारायला जातात, ती मला फार मोलाची वाटते.

गेल्या बैठकीत एका अकरावीतल्या मुलाने गोष्टीतल्या पहारेकऱ्यासाठी "राखणदार" लिहिलं. शेजारची म्हणाली, आपला राखणदार पगार घेत नाही, हा तर राजाकडून घेतो, शब्द बदल. तो घरी गेला, आजोबांना विचारून आला आणि पुढच्या वेळी पट्टीवर लिहून आणलं: "नायक". जुन्या काळच्या गोव्यात पोलिसपाटलासारखं काम करणाऱ्याला गावात कोण काय म्हणायचं, यावर मग तासभर चर्चा झाली. पुस्तकाची चाळीस पानं उरलेली होती. ती आम्ही पुढच्या रविवारी, दिवाडीच्या फेरीत बसून वाचणार आहोत.